बिघडलेला सरस

मास्तर पहिल्यांदा माझ्या दुकानात आले ते हातात खुर्चीचा पाय घेऊन. खुर्ची शाळेची, केलेली माझी. हेडमास्तर बसले आणि मागचा पाय सांध्यातून निघून आला, ही बातमी त्यांच्या आधीच माझ्याकडं पोचली होती. त्यामुळं मी भांडायच्या तयारीत होतो. पण या माणसानं भांडण काढलंच नाही. पायाच्या टोकाला वाळलेला सरस होता तो नखानं खरवडला, नाकाशी नेला आणि जिभेवर ठेवला. डोळे मिटून चघळत उभा राहिला.

"मिस्तरी," म्हणले, "हा तुमी थेट विस्तवावर उकळला."

आता सरस म्हणजे काय हे नव्या पोरांना सांगावं लागतं. आता पांढरा डबा मिळतो, बोट घालून लावला की झालं. आमच्या वेळी सरस म्हणजे जनावराच्या कातड्याचा, हाडकाचा काढलेला चिकट गाळ, वाळवून वड्या केलेला. त्या वड्या आदल्या दिवशी पाण्यात भिजवायच्या. मग सरसाचं भांडं दुसऱ्या पाण्याच्या भांड्यात ठेवून ते पाणी तापवायचं. थेट विस्तवावर सरस ठेवायचा नाही. उकळी फुटली की त्यातला जीव जातो, मग तो लावला काय आणि पेज लावली काय, सारखंच. हे सुताराच्या पोटी जन्मलेल्याला शिकवावं लागत नाही. पण त्या दिवशी एका गिऱ्हाइकाशी चौकटीच्या मापावरून माझी लागली होती. घाईत भांडं तसंच चुलीवर चढवलं आणि भांडत बसलो. मास्तरनं ते नुसत्या जिभेनं ओळखलं.

मी ते कबूल करणार होतो काय. म्हणलं, "मिसरूड फुटायच्या आधीपासून सरस कालवतोय. मला शिकवू नका."

"शिकवायला न्हाई आलो. असा बिघडलेला अजून शिल्लक हाय का? असला तर मला द्या."

माझी शाळा दुसरीपर्यंत. पण माणूस येडा हाय का शहाणा एवढं कळायला शाळा लागत नाही, असं मला वाटायचं. या माणसाचं मला शेवटपर्यंत कळलं नाही.

ते शाळेत विज्ञान शिकवायचे. गाव त्यांचं ताडकळसच्या अंगाला, नोकरी आमच्या पाथरीला. त्यांना खोली मिळत नव्हती. बौद्ध होते. ते दिवस नामांतराचे. विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा पेटून निघाला होता, आणि विस्तव विझला तरी माणसांची तोंडं तशीच तापलेली होती. मास्तर खोली बघायला गेले की घरमालक आडनाव विचारायचा, आणि आडनाव ऐकलं की त्याच खोलीत लगेच मालकाची बहीण राहायला येणार असायची. मास्तर हसून सांगायचे, "पाथरीत लेकी माहेरी परत येण्याचं प्रमाण लय वाढलंय, मिस्तरी."

माझ्या दुकानामागं, आमच्या घराच्या अंगणात, एक खोली होती, लाकडं ठेवायची. मी लाकडं बाहेर काढली आणि मास्तरला खोली दिली. कोणाला विचारलं नाही. आमच्या आळीतले म्हणले, मिस्तरी, भाडेकरू बरा गावला. मी म्हणलं, तुझ्या घरात तर घुसला न्हाई ना. अशी दोन-चार तोंडं बंद केली आणि छाती काढून फिरलो. त्या खोलीचा मला लय अभिमान होता. तेव्हा वाटायचं, आपण केलं ते पुष्कळ केलं.

मास्तरच्या तोंडात 'नक्की' हा शब्द नव्हता. एसटी कधी येईल विचारलं तर म्हणायचे, साडेआठला येण्याची शक्यता हाय. पाऊस पडत असताना विचारलं तरी म्हणायचे, पडायलाय असं दिसतंय. आणि त्यांचा डावा हात उजव्यापेक्षा तुकतुकीत असायचा. त्याचं कारण ते स्वतः केलेलं मलम. बकऱ्याचे पाय तासनतास उकळून, त्याचा गार झालेला थलथलीत गोळा घोटून, त्यात गिल्सरीन आणि गुलाबपाणी घालून ते मलम करायचे आणि रोज सकाळी फक्त डाव्या हाताला लावायचे. उजव्याला कधीच नाही.

मी विचारलं, "उजव्यानं काय पाप केलं?"

"दोन्हीला लावलं तर फरक कशाशी ताडून बघू?"

उन्हाळ्यात त्या मलमाला वास सुटायचा. मास्तर बाजारातून चालले की दोन-तीन कुत्री डाव्या अंगानं चालायची. मास्तर त्यांना हाकलायचे नाहीत. म्हणायचे, या तिघांची खात्री पटलेली दिसते.

बांगड्या भरणारी एक खाला आमच्या शेजारी बसायची. दिवसभर बायकांच्या हातात बांगड्या चढवून तिच्या तळव्यांना भेगा पडलेल्या. मास्तरनं तिला मलमाची डबी दिली, पण एकाच हाताला लावायच्या बोलीवर. खाला म्हणली, "मास्टर, अल्लानं दो हात दिया, तुम एकच का इलाज करते. गिऱ्हाईक को बोलूं क्या, ये हात देखो, वो मत देखो?"

"तीन महिने, खाला. मग दुसऱ्याला."

"तीन महिने में तो हम दुसरा हात भी ले को अल्ला के पास चले जाते."

तिनं दोन्ही हातांना लावलं आणि तोंडालाही लावलं. मास्तरला कळलं तेव्हा त्यांचा चेहरा असा पडला, जसा माझा चांगला सागवान उलटा कापला गेल्यावर पडतो. म्हणले, "खाला, तुमी बऱ्या झाल्या असाल, पण मला आता काहीच कळणार न्हाई."

दोन वर्षं झाली तेव्हा मास्तरनं हेडमास्तरला, खालाला आणि मला दुकानात बसवलं आणि दोन्ही हात फळीवर पालथे ठेवले. सांगा, म्हणले, कोणता कमी सुरकुतलाय. हेडमास्तर डोळ्यांनी अधू, त्यांनी उजवा दाखवला. खाला म्हणली डावा, छोकरी का हात है. मी म्हणलं, दोन्ही मास्तरचेच दिसायलेत. मास्तरनं तिघांचं म्हणणं वहीत लिहून घेतलं आणि खाली लिहिलं ते मला वाचून दाखवलं: 'फरक असण्याची शक्यता.'

एक कटलरीवाला मागं लागला होता. डब्या छापू, मेणकापडाची पिशवी करू, जत्रेत विकू. त्याला झाकणावर मजकूर पाहिजे होता, 'आठ दिवसांत सुरकुत्या गायब'. मास्तर म्हणले, लिहा, 'फरक पडलाच तर थोडा पडेल, आणि तो या मलमानंच पडला हे सांगता येणार नाही.' कटलरीवाला माझ्याकडं बघून म्हणला, मिस्तरी, यांना दुकानात बसवत जाऊ नका, तुमच्या बी खुर्च्या खपायच्या न्हाईत.

ते सगळं कशावर उभं होतं ते मला त्यांनी पुष्कळदा सांगितलं, आणि एकदा आमच्या घरात सांगितलं ते मला कळलं. आमच्या मंडळीची काळ्या मण्यांची पोत पाटावरून उठताना अडकली आणि मणी घरभर झाले. मास्तर दारातून म्हणले, "वैनी, पोत तुटली तुमची."

"तुटली म्हणू नये मास्तर. वाढवली म्हणावं."

"बरं, वाढवली. थांबा, झाडू नका." ते उंबऱ्यावर उकिडवे बसले आणि दोऱ्यात अडकून राहिलेले तीन-चार मणी उचलून मला दाखवले. "मिस्तरी, अख्खी पोत म्हणजे प्रोटीन. कातड्यात, हाडकात, गुडघ्याच्या वाटीत असतं ते. तुमचा सरस म्हणजे तीच पोत, जरा ढिली झालेली. लांब हाय म्हणून तर धरून ठेवती. जास्त उकळला की पोत वाढवली जाती आणि असे चार-चार मण्यांचे तुकडे व्हतात. त्याला पेप्टाइड म्हणतात. त्यानं खुर्ची चिकटत न्हाई. पण माणसाच्या पोटात ते लवकर जिरतं. आणि असं म्हणतात, की हे तुकडे रक्तातनं फिरताना अंगाला वाटतं, अरे, आपली पोत कुठंतरी वाढवली वाटतं, नवी ओवायला घ्या. मग कातडी तुकतुकीत, गुडघे मोकळे."

"असं व्हतं?" मंडळीनं विचारलं.

"होण्याची शक्यता हाय. न्हाईतर अंग म्हणतं, मणी आले, डाळीतले बी मणीच, एकातच टाका. तसंही असंल."

"मास्तर, तुमचं समदं खरं. आता मणी गोळा करू लागा."

दोघांनी मिळून गोळा केले. मी पटाशीला धार लावत बघत होतो. मंडळीला वाकता येत नव्हतं, ती हात टेकून सरकत होती, आणि मास्तर मण्यांपेक्षा तिच्या गुडघ्यांकडं जास्त बघत होते.

तिचे गुडघे लहान वयातच गेले होते. चुलीपुढं बसली की उठायला भिंत लागायची. हिवाळ्यात पहाटे मी दुकानाकडं निघालो की ती भिंतीला धरून हळूहळू उभी राहायची, आणि मी मुद्दाम बघायचो नाही, कारण बघितलं की हात द्यावा लागतो आणि हात दिला की तिला रडू यायचं. डाक्टर झाले, तेल झालं, लेप झाले.

मास्तर रोज पहाटे बकऱ्याच्या पायाचा रस्सा ठेवायचे, मंद आचेवर, दुपारपर्यंत. वाटीभर स्वतः प्यायचे. बाकीचं मलमाला. एक दिवस ते दुकानात आले आणि रंध्याचा आवाज थांबायची वाट बघत उभे राहिले.

"मिस्तरी, वैनींना चार महिने देऊन बघू. रोज एक वाटी. मीठ-हळद टाकून. भांडं मी नवं आणतो."

"आमच्या घरात ते चालत न्हाई."

"ते म्हणजे काय? बकऱ्याचा पाय, का माझा हात?"

मी खोटं बोलू शकलो असतो. आम्ही मटण खात नाही, हे खरंच होतं, आणि त्याच्यामागं लपायला जागा होती. पण मला खोटं बोललेलं आवडत नाही, याचाही मला अभिमान होता. मी म्हणलं, "दोन्ही."

मास्तरनं माझ्या सरसाच्या भांड्याकडं बोट केलं. "दिवसभर बैलाचं कातडं बोटाला लावता. दुपारी त्याच बोटानं भाकर मोडता. मिस्तरी, मी भांडायला न्हाई आलो. फक्त विचारून बघितलं." आणि गेले. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे आले, एसटीची शक्यता सांगितली. त्यांनी राग धरला नाही म्हणून मला वाटलं, मी बरोबर होतो.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला मी वालूरला एका दाराच्या कामाला गेलो होतो. काम लवकर आटोपलं, दुपारीच परत आलो. मागच्या अंगणात आमची मंडळी मास्तरच्या खोलीच्या पायरीवर बसली होती. हातात वाटी. मास्तर शाळेत गेलेले, पातेलं झाकून ठेवलेलं, म्हणजे ही रोजची रीत होती. मला बघून ती दचकली नाही. वाटी तोंडाला लावली, शेवटपर्यंत पिली, खाली ठेवली. आणि भिंतीला हात न लावता उभी राहिली.

ते मी बघितलं. भिंतीला हात न लावता. त्या वेळी माझ्या मनात तेवढं एकच यायला पाहिजे होतं. पण माझ्या मनात आलं, आळीतल्या कोणी बघितलं असंल.

"किती दिवस झाले?"

"दिवाळीपासनं," ती म्हणली. "तुमी विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई."

मास्तर शाळेतून आले तेव्हा मी दुकानाच्या दारात उभा होतो. म्हणलं, "खोली रिकामी करा."

त्यांना कारण विचारायची गरज पडली नाही. एवढंच म्हणले, "वैनींना बोलू नका. मी बोलावलं व्हतं."

"मीच गेले व्हते," ती आतून म्हणली. "मास्तर, तुमी खोटं नका बोलू, तुमाला जमत न्हाई ते."

त्या दिवसांत गावात त्यांना दुसरी खोली कोणी देणार नव्हतं, हे मला माहीत होतं. माहीत असून म्हणलो. मास्तर आधी बौद्धवस्तीत एका जोडप्याच्या पडवीत राहिले आणि शाळेचं साल संपलं तेव्हा बदली करून आपल्या गावाकडं निघून गेले. जाताना दुकानापुढून सायकल हातानं ढकलत नेली, मागं पातेलं बांधलेलं. थांबले असते तर मी बोललो असतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण थांबायचं त्यांनी का?

त्यांच्या मागं त्या खोलीत मी पुन्हा लाकडं भरली. मंडळी माझ्याशी बोलायची तेवढं बोलायची. पुढच्या थंडीत तिचे गुडघे परत धरले. रस्सा थांबला म्हणून का थंडी जास्त पडली म्हणून, हे मास्तर असते तर सांगता येत नाही म्हणले असते. मला मात्र सांगता येत होतं, आणि तेच मनाला लागत होतं.

रंधा मारताना मला सवय लागली होती, भिंतीपलीकडून कोणीतरी मधेच काहीतरी सांगायचं. लाकूड का फुगतं, गंज का चढतो, दही का लागतं. मी त्या वेळी ऐकल्यासारखं दाखवत नव्हतो. आता ऐकायला कान लावले तर मागं नुसती घूस लाकडात खुडबुडायची. कधी सरस चुकून जास्त तापला की मी भांडं ओतून न देता तसंच बाजूला ठेवायचो. कोणासाठी, ते माझं मलाच माहीत. वाळून खडा व्हायचा आणि मग मंडळी न बोलता उचलून टाकायची.

जावं, भेटावं, असं दर दसऱ्याला वाटायचं. पाथरीहून परभणी, परभणीहून पुढं ताडकळसची गाडी. काही विलायत नाही. पण तिथं जाऊन काय बोलायचं, याची जुळवाजुळव करताना शब्द मला सापडायचे ते सगळे मीच कसा बरोबर होतो याचे.

नामांतर होऊन गेलं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी परभणीच्या एसटी स्टँडवर पाथरीच्या गाडीची वाट बघत होतो, आणि समोरून मास्तर आले. वाळले होते. दोन्ही हातांत पिशव्या. मला बघून त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि हसले, जसं काल संध्याकाळी दुकानातून उठून गेले होते.

"मिस्तरी. हात चालायलाय का अजून?"

"चालायलाय."

"वैनींचे गुडघे?"

मी तोंड उघडलं. मनात होतं, मास्तर, चूक झाली, तिला उभं राहता येत नाही, चला घरी. पण माझ्या तोंडाला ती चाल ठाऊक नव्हती. मी म्हणलं, "बरे हायत. एकदम बरे."

मास्तरच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. माणसाला एवढा आनंद दुसऱ्याच्या गुडघ्याचा होतो, हे मी पहिल्यांदा बघितलं. म्हणले, "मग रस्सा बंद झाल्यावरही टिकलं म्हणायचं. हे लिहून ठेवायला पाहिजे." आणि खिशात वही शोधायला लागले. तेवढ्यात त्यांची गाडी लागली. पिशव्या उचलून ते चढले, खिडकीतून हात केला. मी मागं धावलो नाही. त्यानंतर दोन-एक वर्षांनी त्यांच्या गावाकडच्या एका माणसानं सहज सांगितलं की मास्तर गेले.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मी घरी आलो आणि मंडळीला सगळं सांगितलं, आपल्या खोट्यासकट. ती भाकरी थापायची थांबली. वाटलं, आता बोलेल ती इतक्या वर्षांचं. ती म्हणली, "म्हणजे मास्तर वहीत माझे गुडघे बरे म्हणून लिहिणार."

"लिहिणार."

"मग ते खोटं पडू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी खाटकाच्या दुकानापुढं उभा राहिलो, जन्मात पहिल्यांदा. काय मागायचं, कसं मागायचं कळंना. तो म्हणला, "मिस्तरी, तुमी इकडं? वाट चुकला का?" मी म्हणलं, पाय दे. तो म्हणला, भाजून देऊ का तसेच? मी म्हणलं, रस्सा करतात तसे. आळीतले दोघे तिथं उभे होते. बघू दिलं त्यांना.

मागच्या अंगणात तीन दगड मांडले. मंद आच, दुपारपर्यंत. आच धरायची मला सवय होती, पण किती पाणी, किती हळद, फेस काढायचा का ठेवायचा, विचारायला कोणी नव्हतं. वाटीत ओतून मंडळीच्या हातात दिली. तिनं फुंकर घातली, एक घोट घेतला, तोंडात घोळवला.

"मास्तरचा असा नव्हता," म्हणली.

"कसा व्हता?"

तिनं अजून एक घोट घेतला. म्हणली, "तुमी एकदा चाखून बघायला पाहिजे व्हता."